उबेला ठेवलेले नंबर

तेवीस जानेवारीला, मंगळवारी सकाळी, आमच्या चौदा क्रमांकाच्या इमारतीसमोरून दहा मोटारी एकमेकींच्या नंबरप्लेट लावून बाहेर पडल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या नऊ परत आल्या.

असं काहीही घडलेलं नाही. मी तसं तीन ठिकाणी लिहून दिलं आहे आणि तिन्ही ठिकाणी माझी सही एकसारखी आली आहे. इमारतीतल्या सगळ्यांनी आपापल्या परीनं दुजोराही दिला आहे. चौथ्या मजल्यावरच्या वेल्को काकांनी तर एवढ्या जोरात दिला, की आपल्याकडे मोटारच नाही, कधीच नव्हती, असं त्यांनी लिहून टाकलं. ते लिहिताना मोटारीची किल्ली त्यांच्या बोटात फिरत होती. तेव्हा पुढची हकीकत त्या न घडलेल्या गोष्टीची नाही. ही हकीकत फक्त बर्फाची आहे. बर्फ मात्र पडला होता. ते मी नाकारत नाही.

आमची मोटार हिरवी आहे आणि ती आमची नाही. ती सासरेबुवांची. मेतोदी हे त्यांचं नाव. एकतीस वर्षं वाहतूक पोलिसात काढली, दुसऱ्यांना दंड लिहिले, आणि स्वतः एक्केचाळीस वर्षं गाडी चालवून एकही दंड घेतला नाही. ही गोष्ट ते सांगत नाहीत. जेवताना त्यांच्याकडे बघितलं की आपोआप समजते. लग्नानंतर त्यांनी जुनी हिरवी गाडी आम्हाला वापरायला दिली, स्वतःला करडी घेतली, आणि किल्ली माझ्या हातात ठेवताना एवढंच म्हणाले, "डेल्यान, या गाडीवर पोलिसाचा पहिला कागद आला, की त्या संध्याकाळी किल्ली माझ्या टेबलावर."

"पहिलाच, बाबा?"

"दुसऱ्याची वेळ येत नाही मग."

मी रादोमिरच्या शाळेत भूगोल शिकवतो. माझी बायको झोर्नित्सा तिथल्याच औषधाच्या दुकानात काम करते. आम्ही राहतो त्या पेर्निकहून रादोमिरला जाणारी आमच्या सोयीची बस पहाटे पाच चाळीसला सुटते. "सोयीची" हा शब्द बस कंपनीचा. झोर्नित्सानं ती बस दोन हिवाळे धरली आहे आणि तिसरा हिवाळा तसा काढावा लागला तर ती माझ्याशी त्याच भाषेत बोलेल असं नाही. थोडक्यात, एक कागद आणि माझा संसार, यांच्यामध्ये फक्त मी होतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रस्त्यावर तो प्रकार सुरू झाला ज्याला बर्फ म्हणणं हा बर्फाचा अपमान आहे. तपकिरी, खारट, अर्धा चिखल आणि अर्धं मीठ. तो मागच्या चाकातून उडतो, नंबरप्लेटवर बसतो आणि तिथे गोठतो. घरी पोचेपर्यंत गाडीच्या मागे नंबर नसतो, केकचा थर असतो. खाणीजवळच्या चौकात एका तरुण हवालदारानं मला बाजूला घेतलं. त्याचं नाव यावोर.

"नंबर काय तुमचा?" त्यानं विचारलं.

"मागे लिहिलाय."

"मागे चिखल लिहिलाय." त्यानं हातमोज्यानं थोडं खरवडलं. "एक सात सापडला. बाकीचे कुठायत?"

"खालीच असतील."

"पाठ नाही?"

मला मंगोलियाची राजधानी पाठ आहे, डॅन्यूबच्या अकरा उपनद्या उलट्या क्रमानं पाठ आहेत. आपल्या गाडीचा नंबर कुणाला पाठ असतो? त्यानं वही काढली, गाडीचे कागद उघडले, मालकाचं नाव वाचलं आणि ताठ उभा राहिला. म्हणजे खरोखरचा ताठ, टाचा जुळवून.

"मेतोदी सर? सर तुमचे कोण?"

"सासरे."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि ते माझ्याबद्दल होतं. "त्यांनी मला वही धरायला शिकवलं. आज सोडतो. पुढच्या वेळी लिहीन हां. न लिहिलं तर सरांना काय तोंड दाखवू?"

म्हणजे सासरेबुवा दोन्ही बाजूंनी होते.

आमच्या इमारतीच्या दाराशी एक बाक आहे. त्या बाकावर प्रश्न ठेवला की उत्तरं येतात, आणि परत घेता येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोनका काकू म्हणाल्या, "डुकराची चरबी लाव. माझ्या नवऱ्याच्या बुटांना मी तीस वर्षं लावली. तो गेला, बूट अजून आहेत."

चरबी लावली. ती उत्तम चालली. सकाळी आमची पाटी इतकी स्वच्छ होती की तिच्यात माझा चेहरा दिसला, कारण रात्रभरात आळीतल्या कुत्र्यांनी ती चाटून काढली होती. त्यातला एक काळा कुत्रा तेवढ्यावर थांबायला तयार नव्हता. तो गाडीमागे शहराच्या वेशीपर्यंत धावत आला. आरशात बघून झोर्नित्सा म्हणाली, "निदान कुणीतरी आपला नंबर वाचतंय."

मग वेल्को काकांचा उपाय. वेल्को काका खाणीतून निवृत्त झाले आहेत आणि जगात जे काही गोठतं ते राकियानं, म्हणजे फळांच्या घरगुती दारूनं, सुटतं असं त्यांचं मत आहे. त्यांनी घरच्या प्लमच्या राकियाची अर्धी बाटली आणली, एक घोट पाटीला, एक घोट स्वतःला, असं न्यायानं वाटप केलं. पुढची पाटी होईपर्यंत न्याय थोडा ढळला. राकियानं बर्फ सुटला, हे खरं. पण गाडीला असा वास यायला लागला की चौकात थांबलो तर नंबर वाचायच्या आधी पोलीस मला फुंकर मारायला लावतील, हे कळायला भूगोल लागत नाही. मी धुऊन काढलं. धुतलेलं पाणी गोठलं.

"अरे, थंडीत माणूस काय घालतो?" दोनका काकूंनी विचारलं. चरबीचं अपयश त्यांना लागलं होतं. "स्वेटर!"

"काकू, पाटीला स्वेटर घातला तर नंबर कसा दिसणार?"

"मी काय आंधळी आहे? नंबर वर विणते ना."

आणि विणला. पांढऱ्या लोकरीवर काळ्या लोकरीनं, अक्षरं, आकडे, डावीकडच्या निळ्या पट्टीसकट. कडेला बारीक झालर सुद्धा होती; ती त्यांनी स्वतःच्या मनानं घातली. शेवटचा आकडा जरा अंग चोरून उभा होता, कारण काळी लोकर संपत आली होती. मी तो हातात घेतला आणि माझ्या मनात पाप आलं. हे चालून जाईल, असं मला वाटलं.

पण मी सासरेबुवांचा जावई. आधी विचारून घ्यावं म्हणून वाहतूक कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंनी स्वेटर उलटसुलट करून पाहिला.

"पाटी धातूची असते," त्या म्हणाल्या.

"आत धातूचीच आहे. हा वरून."

"म्हणजे नंबर दोनदा?"

"एक आतला, एक बाहेरचा."

"म्हणजे तुम्ही एका गाडीला दोन नंबर लावता." त्यांनी चष्मा काढला. मग त्यांनी स्वेटर खिडकीबाहेर उजेडात धरला. "हा टाका कुठला? एक सुलट, दोन उलट? आणि झालर वेगळी विणून जोडलीय का?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. त्यांनी मला खिडकी क्रमांक पाचवर पाठवलं. खिडकी क्रमांक पाच बंद होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की चौकशी खिडकी क्रमांक तीनवर करावी. मी परत गेलो तेव्हा बाई स्वेटरवरून कागदावर नमुना उतरवून घेत होत्या. अर्ध्या तासानं त्यांनी तो परत केला आणि सांगितलं, "लोकर यादीत नाही. सुंदर आहे, पण यादीत नाही."

बाहेर पायरीवर गाड्यांची तपासणी करणारा एक माणूस सिगारेट ओढत उभा होता. त्यानं माझा चेहरा आणि माझा स्वेटर पाहिला आणि दयेनं म्हणाला, "अहो मास्तर, गार ओल्या पाटीवर बर्फ चिकटतो. पाटी कोरडी हवी, मेण लावलेली हवी, जराशी उबदार असली तर सोन्याहून पिवळं."

त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात तिसरी राहिली.

मी बाकावर तसं बोललो आणि वेल्को काकांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, रात्री बॅटरी काढून घरात नेतोस की नाही?"

"नेतो." उणे पंधरा असलं की आमच्याकडे सगळेच नेतात. जिन्यात संध्याकाळी बॅटऱ्यांची वरात निघते.

"मग पाटीनं काय घोडं मारलंय?"

पुढचं मला आठवतं ते मोठ्या क्षणासारखं आठवतं. मी चार स्क्रू मागचे, चार पुढचे काढले, दोन्ही पाट्या वर आणल्या, पुसल्या, झोर्नित्साच्या बुटांचं मेण लावलं आणि खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर ठेवल्या. आमचं घर पहिल्या मजल्यावर, गरम पाण्याचा नळ इमारतीत शिरतो तिथेच. सहाव्या मजल्यावरचे लोक घरात कोट घालून बसतात तेव्हा आम्ही खिडक्या उघड्या टाकून बनियनवर कांदा चिरतो. सकाळी पाट्या पावासारख्या गरम होत्या. लावल्या आणि निघालो. रादोमिरपर्यंत एक कण चिकटला नाही. खाणीच्या चौकात यावोरनं मागून नंबर वाचला आणि लांबूनच हात केला. शाळेत मी त्या दिवशी सगळ्यांना चांगले गुण दिले.

इमारतीचे व्यवस्थापक हारालांपी. ते निवृत्त अभियंता आहेत आणि चांगली गोष्ट एकट्या माणसाकडे राहिली की त्यांना झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी इमारतीच्या दारावर सूचना चिकटवली: "नंबर रात्रीपुरते उबेला ठेवण्याची सोय घर क्रमांक चार येथे. वेळ सात ते आठ." घर क्रमांक चार म्हणजे आमचं. सूचनेला काळी चौकट होती, कारण त्यांच्या संगणकात दुसरी चौकट नाही. आमच्याकडे दारावर काळ्या चौकटीचा कागद म्हणजे कोणीतरी गेलं. लोक आधी टोप्या काढत आणि मग वाचत. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या इमारतीतल्या एक बाई घाईघाईनं न वाचताच आल्या, झोर्नित्साला मिठी मारली आणि हातात चार फुलं ठेवली. सम संख्येत फुलं आम्ही मेलेल्यालाच देतो, त्यामुळे गैरसमजाबद्दल शंका नव्हती.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"माझी संध्याकाळ," झोर्नित्सा म्हणाली.

आठवड्यात नऊ गाड्या झाल्या. अठरा पाट्या. लोक त्या टॉवेलात गुंडाळून आणत, कोणी वर्तमानपत्रात, हारालांपी तर ब्रीफकेसमधून. पाटी ठेवून लगेच निघून जाणं असभ्य दिसतं, म्हणून बसत. बसले की चहा. चहा झाला की वेल्को काकांची बाटली. मी नाट्यगृहातल्या कोट सांभाळणाऱ्या माणसासारखा दारात उभा राहून "नमस्कार, दोनच ना?" असं विचारायला लागलो, हे माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला स्वतःबद्दल फार वाईट वाटलं. पण व्यवस्था चोख होती. पाट्या मी भूगोलाप्रमाणे लावल्या होत्या. खालचा मजला दक्षिणेला, वरचा उत्तरेला, डाव्या हाताची घरं पश्चिमेला. चूक होणं शक्य नव्हतं.

सोमवारी बावीस तारखेला सासरेबुवा आले. पिंपातली आंबवलेली कोबी घेऊन आले होते, परत जायचे होते, पण बर्फ असा सुरू झाला की झोर्नित्सानं त्यांना ठेवून घेतलं. सात वाजता पाट्यांची रीघ लागली. ते खुर्चीत बसून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, आणि तेच भयंकर होतं.

"हे काय चाललंय?"

"नंबर उबेला ठेवतोय, बाबा."

"गाड्या खाली नंबराशिवाय उभ्या आहेत?"

"उभ्याच आहेत. चालत नाहीयेत."

त्यांनी नियमांची पुस्तकं मनात चाळली असावीत, आणि ते उठून झोपायला गेले. "माझ्या गाडीला हात लावायचा नाही," एवढं दारातून म्हणाले.

मी लावला नाही. वेल्को काकांनी लावला. ते उशिरानं आपल्या पाट्या घेऊन आले आणि बरोबर आणखी दोन. "पाहुण्याची गाडी आहे ती. ती बिचारी उघडी राहणार? लोक काय म्हणतील आपल्या इमारतीला?" मी परत लावायला निघालो, तर म्हणाले, "पहाटे लाव ना, त्यांच्या आधी उठून. मेजवानीच होईल त्यांना, गरम पाटी."

दोनका काकूही तिथेच होत्या. आपला स्वेटर यादीत नाही म्हटल्यापासून त्या कामाला आतुर होत्या. मी वेल्को काकांना जिना चढवून देऊन परत आलो, तोपर्यंत त्यांनी वीसच्या वीस पाट्या टेबलावर घेऊन, मेण लावून, लख्ख पुसून, परत मांडल्या होत्या. लहान आकड्यापासून मोठ्या आकड्याकडे.

"आता बघ कसं शाळेच्या हजेरीपटासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "तू कसं पण टाकलं होतंस रे."

मी त्यांना शुभ रात्री म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मी मनाशी म्हटलं, सकाळी प्रत्येकजण आपला नंबर ओळखून घेईल. हे मी म्हटलं, ज्याला स्वतःचा नंबर पाठ नव्हता.

सासरेबुवा पाचला उठतात. मी साडेपाचचा गजर लावला होता. पाच वाजून दहा मिनिटांनी खालून आलेला आवाज इमारतीनं १९७७ सालच्या भूकंपानंतर ऐकला नव्हता. मग ते वर आले. थंडीतून आमच्या भट्टीत शिरल्याबरोबर त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली आणि ते तसेच, पांढऱ्या काचांनी माझ्याकडे बघत उभे राहिले.

"माझा नंबर," ते म्हणाले.

मी उत्तरेच्या टोकाला पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेवरच्या दोन पाट्या उचलल्या. भूगोल तोच होता. लोकसंख्या बदलली होती. खाली जाऊन, प्रायश्चित्त म्हणून, स्वतः लावल्या, आठही स्क्रू गच्च आवळले. सासरेबुवांनी विजेरीच्या उजेडात प्रत्येक स्क्रू तपासला. पाटी सैल नसावी, हे त्यांनी एकतीस वर्षं शिकवलं होतं. नंबर मात्र त्यांनी वाचला नाही. माणूस आपल्या घरात शिरताना दारावरचं नाव वाचत नाही. ते निघून गेले. त्यानंतर सातपर्यंत अंधारातच बाकीचे आले, आपापल्या सवयीच्या जागेवरच्या पाट्या उचलून "धन्यवाद, मास्तर" म्हणत गेले. मीही माझ्या जागेवरच्या घेतल्या.

खाणीच्या चौकात काय झालं ते यावोरनं मला नंतर सांगितलं. करड्या गाडीचा स्वच्छ, तेजस्वी नंबर त्यानं लांबूनच यंत्रात टाकला आणि यंत्रानं सांगितलं की ही गाडी लाल आहे, दोन दारांची आहे आणि वेल्को नावाच्या माणसाची आहे. त्यानं थांबवलं, काच खाली झाली, आणि त्याच्या टाचा आपोआप जुळल्या.

"सर, कागदावर ही गाडी लाल आहे."

सासरेबुवा खाली उतरले. मागे गेले. नंबर वाचला. पुढे गेले. तो पण वाचला. यावोर म्हणतो, त्यांनी टोपी काढली.

"लिही," ते म्हणाले.

"सर, काहीतरी गोंधळ असेल. मी नाही लिहीत."

"तुला मी काय शिकवलंय? वही उघड."

"सर, हात चालत नाहीये."

"सांगतो तसं लिही." आणि बर्फात उभं राहून त्यांनी स्वतःच्या गुन्ह्याचा पूर्ण कागद तोंडी सांगितला, वेळ, जागा, हवामान. यावोरनं कलम चुकवलं ते खोडायला लावलं आणि खोडलं तिथे सही घ्यायला लावली. गाडी तिथेच बाजूला लावून ते घरी चालत गेले.

मी मात्र दिवसभर त्यांचा नंबर लावून हिंडलो आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही. तो नंबर सगळ्या पोलिसांना माहीत आहे. लांबून सलाम करतात.

संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो. मी हिरव्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. झोर्नित्सा भिंतीकडे बघत होती. मला वाटतं ती मनात पाच चाळीस मोजत होती.

"हे काय?" सासरेबुवा म्हणाले.

"कागद आला, बाबा. माझ्यामुळे."

"तुझ्या गाडीवर आला?"

"नाही. पण..."

"मग उचल ती." त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली. मग खिशातून करड्या गाडीची किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर धरली आणि मुलीच्या हातात दिली. "ज्या गाडीवर कागद आला तिची किल्ली जाते. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. मला वेगळं सांगायची गरज नाही."

"बाबा, असं काय करता?" झोर्नित्सा म्हणाली. "एक्केचाळीस वर्षं..."

"होती," ते म्हणाले. एवढंच. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही पाट्यांना मेण लावत होता?"

"हो, बाबा."

"मेणावर बर्फ धरत नाही. मेण लावून गाडीवरच का नाही ठेवल्या?"

मी हिरव्या गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली.

पाट्या बदलून झोर्नित्सानं त्याच रात्री करडी गाडी चौकातून आणून त्यांच्या घरासमोर लावली. हिरव्या गाडीची किल्ली आमच्याकडे राहिली, बस टळली, आणि मी सुटलो असं मला दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला सासरेबुवा आमच्या दारात उभे होते. रादोमिरपलीकडच्या खेड्यात त्यांच्या कोंबड्या आहेत, त्यांना रोज दाणे लागतात, आणि स्वतः तर ते गाडी चालवणार नाहीत. तेव्हापासून ते पुढे बसतात आणि झोर्नित्सा मागे. ते बोलत नाहीत. फक्त दर पाच किलोमीटरला "थांब" म्हणतात, उतरतात, खिशातल्या इस्त्रीच्या रुमालानं मागची पाटी पुसतात, नंबर पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचतात आणि परत येऊन बसतात. मी आजवर रोज शाळेत उशिरा पोचलो आहे. आणि त्यांच्याकडे जेवताना आता बघवत नाही. ताटात बघून जेवतात.

म्हणून काल मी, झोर्नित्सा आणि इमारतीतले नऊजण अशा सगळ्यांच्या सह्यांनी अर्ज दिला आहे. खिडकी क्रमांक तीनवरच्या बाईंनी तो ठेवून घेतला. त्याचा मजकूर असा:

मा. प्रमुख, वाहतूक पोलीस यांना सविनय सादर.

विषय: दोष नसल्याबद्दल कागद मिळणेबाबत.

महोदय, निवृत्त हवालदार मेतोदी यांची करडी मोटार एखाद्या शनिवारी, सकाळी, लोक बघत असताना, गणवेशातील अधिकाऱ्यानं रीतसर थांबवावी. चाकं, दिवे, धोक्याचा त्रिकोण, अग्निशामक आणि दोन्ही नंबरप्लेट तपासाव्यात. त्यानंतर दंडाच्याच वहीत, त्याच कागदावर, त्याच निळ्या शिक्क्यासह, "काहीही चुकलेलं नाही" असं लिहून तो कागद त्यांच्या हातात द्यावा, आणि शक्य झाल्यास सलाम करावा. अशा कागदाचा नमुना आपल्या कार्यालयात नसल्यास तो तयार करण्यात यावा.

मालक गाडी चालवत नसल्यामुळे सदर मोटार गेले सतरा दिवस त्यांच्या घरासमोर एकाच जागी उभी आहे. तरी तिला तिथेच थांबवण्यात यावं, ही नम्र विनंती.